मदत हवी आहे: एबिटडा ६० लाख, मग बँकेत पैसे का नाहीत?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेतली. पीथमपूरच्या एका लहान कारखान्यात पंधरा वर्षं हिशेब बघते. टॅली, जीएसटी, टीडीएस डोळे मिटून करते. पण मालकांचे चिरंजीव, आमचे छोटे भैया, एमबीए करून परतलेत आणि त्यांना आता एमआयएस (मालकांना धंदा कळावा म्हणून आकड्यांचा अहवाल) हवा. त्यात एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा), डीएसओ (उधारी वसूल व्हायला सरासरी लागणारे दिवस), काय काय.

गेल्या वर्षाचा निव्वळ नफा १८ लाख. त्यात कर ६, व्याज १४ आणि घसारा २२ मिळवला, एबिटडा ६० आला. इथपर्यंत जमलं. पण कॅश क्रेडिट (बँकेकडून ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारी उधारी) दर महिनाअखेर काठोकाठ! पगाराच्या आदल्या दिवशी बँकेत फोन मीच लावते. सासरे जन्मभर सियागंजात मुनीम होते. ते म्हणाले, "गल्ल्यात नाही तो नफा कसला गं?" मी गप्प.

दुसरं म्हणजे, सात पार्ट्यांनी पैसे द्यायला लावलेले दिवस असे: २८, ३०, ३०, ३२, ३५, ४०, २२५. सरासरी ६०, म्हणून भैया म्हणतात वसुली ढिली. अहो, सहाजण चाळीस दिवसांत देतात! मध्यक (क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) काढला तर ३२. कोणता आकडा लिहू?

(यूट्यूब बघून झालं. तिथे सगळी उदाहरणं डॉलरमध्ये.)

खतावणीवाला: ताई, सासरेबुवांनी नेमकं बोट ठेवलंय. बिल फाडलं की एबिटडात विक्री धरली जाते, पैसे येवोत न येवोत. कर्जाचं मुद्दल, नवं यंत्र, गोदामात साठलेला माल, यातलं काहीच त्यात दिसत नाही. दोन वर्षांचे ३१ मार्चचे ताळेबंद शेजारी ठेवा. समजा येणं २५ लाखांनी आणि माल १५ लाखांनी वाढला, देणं होतं तेवढंच राहिलं. म्हणजे ४० अडकले. उरलेल्या २० मधून व्याज १४, कर ६. हप्त्याला शून्य! तो कॅश क्रेडिटमधूनच जाणार.

सरासरी आणि मध्यक दोन्ही लिहा, २२५ वाल्याला वेगळी ओळ द्या. मात्र डीएसओ म्हणजे येणं भागिले वर्षाची उधार विक्री, गुणिले ३६५. तो रकमेवर चालतो, डोकी मोजत नाही. त्या एकाची बाकी किती आहे?

धागाकर्ती: आत्ताच खातं उघडून बघितलं. येणं २६ लाखांनी वाढलंय आणि त्यातले २३ एकट्या त्याचेच. मालकांचे साडू आहेत, म्हणून आजवर कोणी तगादा लावला नाही. एमआयएसमध्ये साडू कोणत्या रकान्यात घालू?