मदत हवी आहे : एअर पिस्तूल दुरुस्त करून घेऊ की बदलून?

वेताळटेकडी : पुढच्या महिन्यात स्टेट (राज्य नेमबाजी स्पर्धा) आहे, लवकर सांगा. माझं पिस्तूल देऊन वर एक लाख दहा हजार भरले तर स्टायर इव्हो 10 मिळतंय. की आहे त्यालाच नवी ग्रिप बसवू?

रंकाळा : "माझं" म्हणजे कोणतं? आम्ही ज्योतिषी आहोत का? स्कोअर किती, शॉट कुठे पडतात?

वेताळटेकडी : स्टायरचंच एलपी 2, सेकंडहँड. 600 पैकी 545 च्या आसपास. शॉट खाली डावीकडे.

शूटरकाका : मॉरिनी घे, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं. नऊ वर्षं वापरतोय, विषय संपला.

दहाची_रेघ : एलपी 2 ला ॲब्सॉर्बर नाही, इव्होला आहे. बदलूनच टाक.

रंकाळा : ॲब्सॉर्बर झटका खातो, बोटाची चूक खात नाही. उजव्या हाताने मारत असेल तर खाली-डावीकडे म्हणजे ट्रिगर हिसकतोय.

कोल्हापुरी : राही सरनोबतताईंनी 2018 ला एशियाडचं सुवर्ण आणलं, पिस्तुलाचं रडगाणं गायलं का?

दहाची_रेघ : ते 25 मीटर होतं हो. इथे 10 मीटर चाललंय.

वेताळटेकडी : उजवाच. ग्रिप आधीच्या मालकाची, लार्ज. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी पोकळी राहते, करंगळी नुसतीच लोंबते.

रंकाळा : हे आधी सांगायचं ना! एम-सील आण. मळून पोकळीत भर, वर पातळ प्लास्टिक ठेवून नेहमीसारखी पकड घे. वाळलं की कानस, मग पॉलिशपेपर. फक्त ग्रिपसकट सगळं पिस्तूल तपासणीच्या 420 × 200 × 50 मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे. माझं दीड मिमीने अडकलं होतं. मॅचच्या सकाळी रेंजच्या बाथरूममध्ये फरशीवर ग्रिप घासत बसलो होतो.

शूटरकाका : दोन लाखांच्या वस्तूला एम-सील! धन्य.

दहाची_रेघ : पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघितलीस का? दहा वर्षं झाली की बाद.

वेताळटेकडी : 06/15 कोरलंय. मग बदलूनच घ्यावं लागणार ना?

रंकाळा : सिलिंडर बदल, पिस्तूल कशाला? दुकानदाराने ती तारीख बघूनच तुझ्या पिस्तुलाचा भाव पाडला असणार.

वेताळटेकडी : बरं. एम-सील रात्रभरात वाळेल ना? उद्या सकाळी सातला रेंजवर जायचंय.