प्रतिसाद: चांगला खेळूनही वरच्या लीगमध्ये जागा का मिळत नाही?

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत एनएचएल ही सर्वोच्च लीग, तिच्याखाली एएचएल आणि त्याखाली ईसीएचएल. ईसीएचएलमध्ये भरपूर गुण मिळवणारा 27 वर्षांचा फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) एएचएलमध्ये का टिकत नाही, असा प्रश्न आहे. बरेचदा कारण खेळात नसतं, सामन्यांच्या मोजणीत असतं.

एएचएलच्या नियमानुसार सामन्याला उतरणाऱ्या स्केटर्सपैकी (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू) किमान 13 'डेव्हलपमेंट' खेळाडू हवेत. त्यातले 12 जण 260 किंवा कमी व्यावसायिक सामने खेळलेले, आणि एक 320 पर्यंत चालतो. एएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा, म्हणजे चार हंगाम पूर्ण होण्याआधीच 260 भरतात. त्यापुढे उरलेल्या पाचएक जागांसाठी एनएचएलचा अनुभव असलेल्यांशी झुंज. ईसीएचएलमध्येही सामन्याला असे 260 गाठलेले चारच 'व्हेटरन' चालतात. गोलरक्षकांना दोन्हीकडे सूट आहे. तिशीतले गोली खालच्या लीगमध्ये दिसतात ते त्यामुळेच.

वरून बोलावणं येतं ते बहुधा पीटीओवर, म्हणजे चाचणी करारावर. हा 25 सामन्यांपर्यंतचा करार, पण संघ मधेच सोडू शकतो. जखमी खेळाडू परतला की पीटीओवर आलेलाच पहिला खाली जातो. म्हणून ईसीएचएल संघाने दिलेली घराची सोय सुटणार नाही ना, हे एजंटकडून आधीच पक्कं करून घ्यावं.

युरोपात खेळायचा विचार 260 सामने भरण्याआधीच करावा, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित आहेत. आजी-आजोबांमुळे जर्मन पासपोर्ट मिळत असेल तर ती अडचण राहत नाही, पण कागदपत्रांना वेळ लागतो. उन्हाळ्यात धावपळ करून जमत नाही.