डब्ल्यूडी-४०चे घरातील इतर उपयोग

प्रश्न : बिजागऱ्यांची करकर थांबवण्यासाठी आणलेला डब्ल्यूडी-४०चा फवारा घरात आणखी कुठे उपयोगी पडतो, हे कृपया कोणी सांगावे.

उत्तर १ : काचेच्या बरणीवरील लेबल काढल्यावर उरणारा चिकट थर त्याने सुटतो, नंतर बरणी साबणाने स्वच्छ धुवावी.

उत्तर २ : १९५३ साली सॅन डिएगो येथे हे द्रव्य मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले, त्यामुळे पावसाळ्यात पकडी, पाने आणि कोयते यांच्यावर त्याचा पातळ थर देणे हाच मला त्याचा सर्वांत योग्य उपयोग वाटतो.

उत्तर ३ : सायकलच्या साखळीवरील मळही निघतो, मात्र नंतर वेगळे वंगण द्यावेच लागते. हा फवारा ज्वलनशील असल्याने पेटत्या शेगडीजवळ किंवा समईजवळ आपण तो मुळीच वापरू नये.