ल मान्स १९६९: जॅकी इक्स चालत गेला ते नाटक होतं?

घाटवळण:

परवाच्या 'शर्यतींचा सुवर्णकाळ' या लेखातली, ल मान्स या फ्रान्समधल्या २४ तासांच्या मोटारशर्यतीवरची चार वाक्यं डोक्यातून जात नाहीयेत. "१९६९ला बाकीचे धावत असताना जॅकी इक्स रमतगमत गाडीकडे गेला, ते निव्वळ कॅमेऱ्यासाठी होतं. पोर्शच्या गाड्या मोडल्या म्हणून तो जिंकला. जिंकला म्हणून त्या नाटकाला निषेध म्हणायची पद्धत पडली. धावत सुटणं हा त्या शर्यतीचा प्राण होता." उत्तर मोठं आहे, म्हणून वेगळा धागा.

आधी प्राणाचं बोलू. झेंडा पडला की ड्रायव्हरांनी रस्त्यापलीकडे उभ्या गाडीकडे धावत सुटायचं, आत उडी मारायची, किल्ली फिरवून निघायचं. पट्टा बांधायला वेळ कुणाकडे होता? तो बांधायचा म्युल्सानच्या सरळ रस्त्यावर, गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून, नाहीतर पहिल्या पिट स्टॉपपर्यंत तसंच चालवायचं. आदल्याच वर्षी, १९६८ला, इक्ससारखाच बेल्जियमचा विली मेरेस घाईत निघाला आणि त्याच्या फोर्ड जीटी४०चं दार नीट लागलं नाही. पहिल्याच फेरीत ते उघडलं, गाडी गेली, डोक्याला जबर मार बसला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. इक्सला हे सगळं ठाऊक होतं.

१४ जूनला दुपारी २ वाजता झेंडा पडला. (एरवी ४ला सुटते, दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान होतं म्हणून वेळ अलीकडे आणली होती.) इक्स २४ वर्षांचा, गाडी फोर्ड जीटी४०. चालत गेला, बसला, पट्टे आवळले आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. त्याच पहिल्या फेरीत मेझों ब्लांशच्या वळणावर जॉन वूल्फची पोर्श ९१७ आपटून फुटली, वूल्फ त्यात गेला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता.

हे डोळ्यांसमोर असताना 'नाटक' हा शब्द एखाद्याला सुचतोच कसा?

जुनापुराणा:

लेख माझा आहे, तेव्हा उत्तर देतो.

एक, २४ तासांच्या शर्यतीत सुरुवातीचे पंधरा-वीस सेकंद म्हणजे काहीच नाही. ज्यात गमावण्यासारखं काही नाही त्याला त्याग म्हणत नाहीत. ग्राँ प्रीच्या छोट्या शर्यतीत असं करून दाखवलं असतं तर मी टोपी काढली असती. दोन, वूल्फचा अपघात पट्ट्यामुळे झाला नाही. ९१७ त्या वर्षी सरळ रस्त्यावरसुद्धा सरळ चालत नव्हती. कारखान्याच्या कसलेल्या ड्रायव्हरांनाही ती नकोशी होती, झिफर्टने तर त्याऐवजी पोर्शचीच जुनी ९०८ मागून घेतली. अशी गाडी वूल्फने स्वतः विकत घेतली आणि सुरुवातही स्वतःच करायची म्हणून हटून बसला. गाडीचे तुकडे झाले, टाकी रस्त्यावर येऊन पेटली, मागून येणाऱ्या क्रिस एमनच्या फेरारीखाली ती सापडली. पट्टा बांधला असता तर वाचला असता हे कशावरून?

आणि 'प्राण' या शब्दावर मी ठाम आहे. स्टर्लिंग मॉस धावत सुटायचा ते लोक पन्नास वर्षांनंतरही सांगतात. आज सेफ्टी कारच्या मागे रांगेत निघतात, ते कोण सांगेल?

घाटवळण:

गमावण्यासारखं काही नव्हतं? शेवटी ३७२ फेऱ्या, जवळजवळ ५,००० किलोमीटर झाल्यावर इक्स आणि दुसरा आलेला पोर्शचा हेरमान यांच्यात अंतर उरलं होतं साधारण १२० मीटर. सरासरी वेग ताशी २०८. म्हणजे दोन सेकंद! तुमच्या 'काहीच नाही' वाल्या पंधरा-वीस सेकंदांत हे कितीदा बसतं ते तुम्हीच बघा. हेरमान पुढे निघाला असता तर आज लोकांनी इक्सला शहाणा म्हटलं नसतं, चालत गेला म्हणून हरला असंच म्हटलं असतं. ही जोखीम त्याने दुपारी २ वाजता घेतली, निकाल माहीत नसताना.

झुफ्फनहाउझनचा पुणेकर:

दोघेही पोर्शला दाराबाहेर उभं करून भांडताय, म्हणून लिहितो. मी पोर्शच्याच गावात नोकरी करतो, त्यांच्या संग्रहालयात पाहुण्यांना घेऊन जावंच लागतं, आणि प्रत्येक मराठी पाहुणा मला फोर्डची कथा ऐकवतो.

शर्यतीचा बहुतेक काळ एल्फर्ड आणि अ‍ॅटवूडची ९१७ पुढे होती, तीही कित्येक फेऱ्यांनी. शेवटचे तीनेक तास उरले असताना ती मोडली. दुसऱ्या नंबरची ९०८ त्याच सुमारास गेली. उरली हेरमान-लारूसची ९०८. तिने सुरुवातीलाच चाकाचं बेअरिंग बदलण्यात अर्धा तास घालवला होता. तो अर्धा तास भरून काढून ती इक्सच्या बरोबरीला आली! तीन लिटरचं इंजिन, समोर फोर्डचं ४.९ लिटरचं. त्यात ब्रेक पॅड झिजल्याचा दिवा लागलेला. थांबले तर शर्यत गेली, म्हणून हेरमान तसाच चालवत राहिला. धाडस मोजायचं तर ४१ वर्षांच्या हेरमानचं मोजा. त्याच्यावर एक ओळ नाही कुणाची.

आणि ९१७ सरळ चालत नव्हती म्हणता, ती सरळ कुणी केली? याच शर्यतीत तिला हरवणाऱ्या जॉन वायरच्या टीमने, म्हणजे इक्सच्याच टीमने. १९७०साठी पोर्शने गाड्या वायरकडे सोपवल्या. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात चाचणी होती. इंजिनिअर जॉन हॉर्समनला दिसलं की गाडीच्या पुढच्या भागावर मेलेल्या चिलटांचा थर आहे, पण मागच्या स्पॉयलरवर एकही नाही. म्हणजे हवा मागे टेकतच नाही, वरून निघून जाते. तिथल्या तिथे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापून, स्क्रू मारून शेपूट आखूड आणि वर चढती केली. ड्रायव्हर परत आले ते हसत. पुढच्या वर्षी पोर्श पहिल्यांदा ल मान्स जिंकली आणि गाडीत कोण होता? हेरमान, सोबतीला अ‍ॅटवूड.

क्लचप्लेट:

पुणेकर, चिलटांचं माहीत नव्हतं. झकास. पण हेरमानचा विषय काढलाच आहे तर पट्टावाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९५९ला बर्लिनच्या आवुस या शर्यतमार्गावर त्याच्या बीआरएम गाडीचे ब्रेक गेले, गाडी कोलांट्या खात गेली आणि हा आधीच बाहेर फेकला गेला. रस्त्यावर घसरतोय आणि गाडी हवेत, असा फोटो आहे. पट्टा असता तर त्या लोखंडाखाली चिरडला असता. त्या पिढीला पट्टा नको होता तो वेडेपणा नव्हता. गाडी पेटायची, उलटायची, आणि फेकले गेलेले कधी कधी वाचायचे.

माझे मामा खंबाटकीत जीपमधून बाहेर फेकले गेले म्हणून आज हयात आहेत. जीप खाली दरीत गेली. पट्टा बांधा म्हणणाऱ्यांनी त्यांना येऊन सांगावं.

शुश्रूषा:

क्लचप्लेट, तुमचे मामा वाचले याचा आनंद आहे. पण फेकले गेले आणि वाचले नाहीत, त्यांचे भाचे इथे लिहायला येत नाहीत.

मी हायवेलगतच्या एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते. मागच्या सीटवरचा माणूस पुढच्यावर आदळतो तेव्हा दोघांचं काय होतं ते मी रोज पाहते. मागच्याने पट्टा लावला नाही म्हणून पुढे बसलेल्या बायकोची मान गेलेली पाहिली आहे. आणि चीड कशाची येते सांगू? ती पितळी रंगाची क्लिप. नुसतीच क्लिप, पट्टा नाही. बकलमध्ये खोचली की गाडीचं टुकटुक बंद होतं. रस्त्याकडेच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात टांगलेली असते, वर गणपतीचं चित्र. अपघातातून आलेल्या गाड्यांत ती तशीच खोचलेली सापडते. लोक पैसे देऊन विकत घेतात हो!

क्लचप्लेट:

ताई, माझ्या मामांवरून मेलेल्यांपर्यंत जायचं कारण नव्हतं. मी जीपबद्दल बोलतोय, ज्या जीपला पट्टाच नव्हता. आणि मी स्वतः पट्टा लावतो. क्लिपवाल्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

शुश्रूषा:

उभं केलेलं नाही. 'येऊन सांगावं' असं तुम्ही म्हणालात, म्हणून सांगितलं. तुमच्या मामांचा किस्सा घराघरांत ऐकवला जातो, आणि ऐकून पोरं पट्टा काढतात. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२पासून मागच्या सीटलाही सक्ती झाली, तर आमच्याच सोसायटीच्या सभेत किती जण असे मामा घेऊन उभे राहिले! मला त्याचा राग आहे, तुमचा नाही.

तात्या टर्बो:

सक्तीचं बोलूच नका. आधी खड्डे बुजवा, उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर थांबवा, मग आमच्या पोटावर पट्टा बांधा. पावती फाडायला तेवढा पुढाकार.

शुश्रूषा:

खड्डे बुजेपर्यंत मान मोडून घ्यायची का, तात्या? दोन्ही मागा की.

झुफ्फनहाउझनचा पुणेकर:

मंडळी, ल मान्सचा धागा सोसायटीच्या सभेत पोचला. तरी क्लचप्लेट यांचा मुद्दा अर्धा खरा आहे हे मान्य करायला हवं. पट्टा उपयोगी ठरायला गाडीची चौकट टिकावी लागते आणि टाकी फुटता कामा नये. वूल्फच्या ९१७मध्ये दोन्ही नव्हतं. ड्रायव्हरचे पाय पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, चौकट अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांची.

जुनापुराणा:

पुणेकरांचे आभार, माझं म्हणणं त्यांनी माझ्यापेक्षा नीट मांडलं.

आता घाटवळण यांना अडचणीचा प्रश्न. सुरक्षिततेसाठी खरी लढाई फॉर्म्युला वनच्या जॅकी स्ट्युअर्टने लढली. १९६६ला बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत तो पेट्रोलमध्ये भिजत गाडीत अडकून पडला होता. हिल आणि बाँड्युरंट या ड्रायव्हरांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्याला सोडवलं. तेव्हापासून कठडे, डॉक्टर, पट्टे यांसाठी तो सगळ्यांशी वाईट झाला. ड्रायव्हरांनी नकार दिल्यामुळे १९६९ची स्पाची ग्राँ प्री रद्द झाली. आणि तुमचा इक्स? स्ट्युअर्टच्या मोहिमेशी त्याचं कधी जमलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये तो जर्मनीतल्या जुन्या, धोकादायक न्युर्बुर्गरिंगवर जिंकला, त्याला असेच रस्ते आवडायचे. सुरक्षिततेचा पुतळा म्हणून हा माणूस उभा करता?

घाटवळण:

पुतळा मी उभा केला नाही. पण हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, घेतो.

इक्सला धोका चालत होता. न्युर्बुर्गरिंगवर धोका रस्त्याचा होता आणि तो चालवण्यातच होता. धावत सुटण्यातला धोका शर्यतीचा नव्हताच. फोटो चांगला यावा म्हणून ड्रायव्हरने पट्टा न बांधता निघायचं, एवढंच त्यात होतं. स्वतः हवा तेवढा धोका पत्करणारा माणूस 'एवढा मात्र फुकटचा आहे' म्हणतो, तेव्हा मला ते स्ट्युअर्टच्या शंभर निवेदनांइतकं वजनदार वाटतं. घाबरट म्हणून त्याला कुणी झटकू शकत नव्हतं. निवेदन काढलं नाही, बहिष्कार टाकला नाही, पायांनी सांगितलं.

आणि शेवटच्या फेऱ्या आठवा. म्युल्सानवर त्याने गाडी अडखळल्याचं दाखवलं, हेरमानला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्या पोकळ हवेत घुसून सरळ रस्ता संपायच्या आत परत पुढे. नाटक ते होतं, आणि फार सुंदर होतं. दुपारी २ वाजताचं नव्हतं.

झुफ्फनहाउझनचा पुणेकर:

ती युक्ती हेरमानलाही ठाऊक होती. ४.९ लिटर ओढत असताना करता येत नव्हतं काही. एवढं लिहा.

घाटवळण:

लिहितो: हेरमान कुठेही कमी पडला नाही. आणि ती जीटी४०, चासी क्रमांक १०७५, जुन्या आराखड्याची, १९६८लाही हीच जिंकली होती, मोडायचं काही शिल्लक नव्हतं तिच्यात. पुढची ९१७ टिकली असती तर इक्स जिंकला नसता हेही खरं. पण ल मान्सला टिकणं हाच पेपर असतो, त्यात पोर्श नापास झाली.

क्लचप्लेट:

ऐकलेली गोष्ट: शर्यतीनंतर पॅरिसला जाताना शार्त्रजवळ कुणीतरी इक्सच्या पोर्श ९११ला आडवं आलं, गाडीचा चेंदा झाला आणि हा पट्टा सोडून बाहेर आला. शुश्रूषाताई, हा किस्सा तुमच्या बाजूचा, मीच देतोय. मामा मात्र माझे.

शुश्रूषा:

घेतला. मामांना नमस्कार सांगा, आणि आता पुढच्या सीटवर पट्टा लावायला सांगा.

जुनापुराणा:

ठीक. 'नाटक' शब्द लेखातून काढतो, दोन सेकंदांचा हिशोब मला खोडता येत नाही. पण 'इक्सच्या चालण्याने नियम बदलला' असं जे सगळीकडे लिहितात ते तुम्हीही सोडा. नियम वूल्फच्या मरणाने बदलला. माणूस गेला की आयोजक हलतात.

घाटवळण:

नाही सोडत. माणूस गेल्याने आयोजक हलत असते तर १९५५ला हलले असते. इथेच गाडी प्रेक्षकांत घुसून त्या दिवशी ऐंशीहून जास्त माणसं गेली. पिट नव्याने बांधले, स्टँड मागे घेतले, रस्ता रुंद केला. धावत सुटणं मात्र तसंच पुढे १४ वर्षं चालू राहिलं. १९६८ला मेरेस जायबंदी झाला, तरी १९६९ला झेंडा तसाच पडला. मग १९७०ला ड्रायव्हर एकदम पट्टे बांधून गाडीत बसलेले दिसतात, १९७१ला गाड्या चालत्या सुटतात. वूल्फचं मरण त्यात आहेच, मी ते नाकारलेलं नाही. पण नुसता तो गेला असता तर 'नवखा होता, गाडी झेपली नाही' म्हणून फाइल बंद झाली असती. तुम्ही स्वतः वर पहिल्या प्रतिसादात जवळजवळ तेच लिहिलंय. पट्टा बांधून शेवटी निघालेला माणूस त्याच शर्यतीत पहिला आला, त्यामुळे ती सबब उरली नाही.