विंडोज 11 : अपडेटनंतर पिन 'उपलब्ध नाही', पासवर्डचा पर्यायही गायब

कळफलक
अपडेट बसून मशीन रीस्टार्ट झाल्यापासून लॉगिन स्क्रीनवर पिन उपलब्ध नसल्याचा संदेश येतोय. 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये पासवर्डची खूणच नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड पाठ आहे, मोबाइलवर त्यानेच खाते उघडते. ड्राइव्हवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे. डेटा न गमावता आत कसे शिरायचे? रीसेटच करावे लागणार का?

फर्मवेअर
रीसेटला हात लावू नका. पासवर्ड खात्याचा असतो. पिन फक्त त्या मशीनपुरता, आणि त्याची किल्ली टीपीएम या मशीनमधल्या सुरक्षा चिपमध्ये असते. संदेश 'पिन चुकीचा' असा नसून 'उपलब्ध नाही' असा आहे, म्हणजे विंडोजला ती किल्लीच वापरता येत नाहीये. याची मुख्य कारणे दोन. एक, अपडेटबरोबर बायोसचेही (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारे सॉफ्टवेअर) अपडेट आले आणि टीपीएम बंद झाले किंवा पुसले गेले. दोन, पिनची माहिती ठेवणारे फोल्डर बिघडले.
आधी हे सांगा : सुरू होताना बिटलॉकरने 48 अंकी रिकव्हरी की मागितली का?

कळफलक
नाही. थेट लॉगिन स्क्रीन आली.

फर्मवेअर
मग टीपीएम बहुधा ठीक आहे, नाहीतर बिटलॉकरने की मागितली असती. तरी बायोसमध्ये एकदा बघून घ्या. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी नावाने असते, एएमडीवर एफटीपीएम. बंद दिसले तर फक्त चालू करा. 'क्लिअर टीपीएम' मात्र दाबू नका, त्याने पिनची किल्ली कायमची जाईल आणि बिटलॉकर अडून बसेल.
आता लॉगिन स्क्रीनवर उजवीकडे खाली नेटवर्कच्या खुणेवरून वाय-फाय जोडा आणि पिनच्या चौकटीखालचे 'आय फरगॉट माय पिन' दाबा. खात्याचा पासवर्ड, मग मोबाइल किंवा ईमेलवर आलेला कोड, मग नवा पिन. इंटरनेट नसेल तर हे अर्ध्यातच अडकते. बहुतेकांचे काम इथेच होते.

जुनी_फाइल
त्यानेही नाही जमले तर पिनचे फोल्डर बाजूला करावे लागेल. त्याआधी मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधून ठेवा. खात्यात एकाहून जास्त की दिसल्या तर की मागणाऱ्या स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली 8 अक्षरे जुळवून बघा.
लॉगिन स्क्रीनवरच्या पॉवर खुणेतून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. तिथे विंडोजचा ड्राइव्ह 'सी'च असेल असे नाही, आधी खात्री करा. मग विंडोज फोल्डरमध्ये सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट असे आत गेलात की 'एनजीसी' (Ngc) फोल्डर सापडेल. ते उडवू नका, नाव बदला; गरज पडली तर परत आणता येते. यामुळे त्या मशीनवरच्या सगळ्यांचेच पिन, बोटाचे ठसे आणि चेहरा जातात, ते पुन्हा बसवावे लागतील.

कळफलक
'आय फरगॉट'नेच झाले, नवा पिन घेतला. पण पासवर्डची खूण का नव्हती?

फर्मवेअर
सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे मायक्रोसॉफ्ट खात्यांना फक्त विंडोज हॅलोनेच (म्हणजे पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) साइन-इन करू देणारे एक बटण आहे. ते चालू असले की पासवर्ड लपतो. बंद करून ठेवा, म्हणजे पिन रुसला तरी दुसरे दार उघडे राहील.

जुनी_फाइल
डेस्कटॉप नेहमीचाच दिसतोय ना? रिकामा असेल आणि टेम्पररी प्रोफाइलची सूचना आली असेल तर तिथे काहीही सेव्ह करू नका, साइन आउट होताच ते पुसले जाते. तुमच्या फाइल सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जागच्या जागी असतात. आधी एक-दोनदा रीस्टार्ट करून बघा. बऱ्याचदा अँटिव्हायरसने प्रोफाइलची फाइल धरून ठेवलेली असते, ती सुटते. तेवढ्याने नाही भागले तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) 'प्रोफाइललिस्ट'मध्ये एकच लांबलचक नाव दोनदा दिसेल, त्यातल्या एकाला शेवटी 'डॉट बॅक' (.bak) असेल. रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, बिनशेपटीच्या नावाला काहीतरी वेगळी शेपटी लावा, दुसऱ्याची 'डॉट बॅक' काढा आणि रीस्टार्ट करा.