लहानपणी 'स्कॉलर', आता एम-थ्रीला (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) बॅक, म्हणजे नापास. मग मी नर्ड आहे का नाही?

अर्धा_चहा:
सेकंड इयर संपलं, सुट्टीला आजीकडे मिरजेला आलोय. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही म्हणून माळा आवरायला घेतला तर माझी जुनी शंभर पानी वही सापडली. कव्हरवर 'खाजगी, हात लावू नये' आणि आत काय, तर नुसते आकडे. स्टँडवर कुठल्या दिवशी कुठल्या नंबरच्या एसट्या दिसल्या, जिन्याच्या पायऱ्या किती, पंखा एका मिनिटात किती वेळा फिरतो (तिथं 'मोजता आलं नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलंय).

एक पान मात्र चांगलं आठवतं. एप्रिल 2016, मी पाचवीत, लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि आमच्या मिरजेहून रेल्वेनं पाणी जाणार होतं, गावात दुसरा विषयच नाही. पहिली गाडी 10 वाघिणींची (म्हणजे टाकीच्या डब्यांची), पाणी 5 लाख लिटर. मी कुठूनतरी लातूरची 2011 ची लोकसंख्या काढली, 3 लाख 82 हजार, भागाकार केला आणि रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवलं की माणशी दीड लिटर पण धड येत नाही म्हणून नाचू नका, जास्तीत जास्त 1.3. वाटलं शाबासकी मिळेल. आजोबा तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होते ते मध्येच थांबले. मग नुसतं म्हणाले, परत एकदा करून बघ. परत केलं, तेच आलं.

तर मुद्दा असा की तेव्हा घरीदारी सगळे स्कॉलर म्हणायचे कारण मार्क पडायचे. आता रूमवरची पोरं नर्ड म्हणतात, प्रेमानंच, पण एम-थ्रीला बॅक आहे आणि पॉइंटर (सरासरी ग्रेड) सांगण्यासारखा नाही. घासू तर मी कधीच नव्हतो. मग मार्क गेल्यावर हे राहतं का काही? का लहानपणी मार्कांमुळेच लोक माझी ही आकडेमोड खपवून घेत होते? हसू नका.

कुर्डूवाडीकर:
हसत नाही रे बाळा, फक्त एक राहिलं ते सांगतो. त्या वाघिणी आल्या होत्या राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमधनं, तिथं आतून वाफेनं धुऊन मग मिरजेला पाठवल्या. पुढं 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे 25 लाख लिटर, तुझ्या हिशोबानं माणशी साडेसहा. वहीत भर घाल.
आणि मिरजेचा आहेस तर हेही माहीत पाहिजे की एके काळी तुमच्या स्टेशनात ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. आमच्याकडची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, लहानपणी मी आईची शिवणाची टेप घेऊन रुळावर बसलो होतो मोजायला, गँगमननं कान धरून घरी आणून सोडला. दहावीला मला 52 टक्के. आता सांग मी कोण?

गोधडी:
मला तुझा राग येतोय थोडा, वाईट वाटून घेऊ नकोस. तुला निदान स्कॉलर, नर्ड काहीतरी म्हणाले. आम्हा मुलींना काय म्हणतात, 'गुणाची आहे, अभ्यास करते', संपलं. एसटीचे नंबर मीपण लिहायचे. एमएच 14 म्हणजे दापोडीला बांधलेली, 20 म्हणजे चिकलठाणा, 40 म्हणजे नागपूरचं हिंगणा. हे कोणी शिकवलं नव्हतं, एका कंडक्टरकाकांना विचारलं तर त्यांनी तिकीट फाडता फाडता सांगितलं, आणि त्यानंतर मी लांबून गाडी येताना दिसली की आधी नंबर बघायचे, पाटी नंतर. सातवीत घरी कळलं की क्लास सुटल्यावर अर्धा तास स्टँडवर उभी असते. कशासाठी ते कोणी विचारलंच नाही, मुलीच्या जातीनं स्टँडवर काय उभं राहायचं एवढंच. वही कुठं गेली माहीत नाही. तुझी माळ्यावर होती, आजीनं रद्दीत घातली नाही, हेच खूप आहे.

चिवडा_कमी_शेव_जास्त:
नर्ड बिर्ड काही नसतं, आजकाल तसं लिहिलेला टीशर्ट मिळतो. आधी एम-थ्री काढ. लाप्लासचे फॉर्म्युले तोंडपाठ कर, तेवढ्यात पास होशील. नंतर ओळख शोध निवांत.

अर्धा_चहा:
@चिवडा, फॉर्म्युले पाठच होत नाहीत, तोच तर वांधा आहे. डेरिव्हेशन करत बसतो आणि पेपर संपतो.
@गोधडी ताई, हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं. आजीला विचारलं वही का ठेवली, तर म्हणे मागच्या पानांवर तिचा दुधाचा हिशोब आहे. खरंच आहे, सात महिन्यांचा.

एक सांगायचं राहिलं. परवा 7 तारखेला इथं शून्य सावली होती, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. गच्चीवर पाइपचा तुकडा उभा केला, ओळंबा लावून सरळ केला, खडूनं खुणा करत बसलो. धाकटी मावसबहीण चौथीत आहे, ती डोक्यावर टॉवेल घेऊन शेजारी. 12 वाजून 28 मिनिटांच्या सुमाराला सावली पाइपाच्या बुडाशी गेली, दिसेना. ती म्हणाली, उद्या परत? म्हटलं उद्यापासून भर दुपारी किंचित दक्षिणेला पडणार, सूर्य आपल्या उत्तरेला जातोय. तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला न सांगता एकटीच वर जाऊन खूण करून आली. दक्षिणेलाच आहे, पण दोन बोटं रुंद, म्हणजे पाइप हलवलाय बहुतेक किंवा वेळ चुकवलीय. भांडण चालू आहे.

कुर्डूवाडीकर काका, लातूरला पोचल्यावर एक वाघीण रिकामी व्हायला किती वेळ लागायचा हो? वहीत तो रकाना कोराच आहे.