मोठ्या गुंतवणूकदाराने माल काढला की भाव का पडतो?

कट्ट्यावरचा_पंत: मंडळी एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. एक मिडकॅप (मध्यम आकाराची) कंपनी, नाव घेत नाही नाहीतर टीप देतोय म्हणाल, माझ्याकडे ३०० शेअर आहेत. निकाल चांगला, कर्ज कमी, सगळं मस्त, आणि आज सकाळी बातमी की मोठ्या मालकाने ४ टक्के हिस्सा विकला, कालच्या बंद भावाच्या ३ टक्के खाली. शेअर उघडला तोच ५ टक्के खाली! अरे कंपनी कालचीच आहे ना, शेअर या खिशातून त्या खिशात गेले, मग भाव का पडावा? घाबरून विकू का?

सातपूरकर: तुमच्या अ‍ॅपमधे मार्केट डेप्थ उघडून बघा. घेणाऱ्यांच्या बाजूला पाच ओळी दिसतील, कुठे १२० शेअर, कुठे ४००, कुठे ३५. आता ज्याला ५० लाख शेअर काढायचेत त्याने तिथे माल ओतला तर भाव खड्ड्यातच जाईल. म्हणून तो आधीच म्युच्युअल फंड वगैरे गिऱ्हाईक ठरवतो आणि सकाळी पावणेनऊ ते नऊच्या ब्लॉक विंडोत, म्हणजे अशा ठोक सौद्यांसाठी ठेवलेल्या वेळेत, सौदा उरकतो. एवढा माल एकदम उचलायचा तर गिऱ्हाईक सूट मागणारच, आणि बाजार उघडला की बाकीचे म्हणतात, फंडाला ९७ ला मिळाला तर मी १०० का देऊ. निम्मी पडझड इथेच होते.

दादरचा_दलाल: +१, पण खरा त्रास विक्रीपेक्षा विक्रीच्या टांगत्या तलवारीचा असतो. आयटीसीचं बघा. त्यांचा सगळ्यात मोठा भागधारक ब्रिटिश अमेरिकन टोबॅको विकणार विकणार अशी हवा फेब्रुवारी २०२४ पासून होती, शेअर नुसता दबलेला, मी पण कंटाळून थोडे विकले (बायको अजून ऐकवते). १३ मार्चला त्यांनी साडेतीन टक्के हिस्सा ४००.२५ ने खरंच विकला, जवळजवळ १७,५०० कोटींचा, आणि त्याच दिवशी शेअर ४ टक्क्यांहून जास्त वर! कारण सूट जेमतेम १ टक्का होती आणि त्यांचा हिस्सा २९ वरून साडेपंचवीसवर आला. २५ च्या वर असलं की विशेष ठराव (ज्याला तीन चतुर्थांश मतं लागतात) अडवता येतो, त्यामुळे लोकांनी धरून चाललं की आता हे थांबतील. मे २०२५ मधे ते २५ च्याही खाली गेले, सूटही जास्त दिली, तेव्हा शेअर ३ टक्क्यांच्या आसपास पडला. विकणारा तोच, कंपनी तीच.

सातपूरकर: वहिनी बरोबर आहेत 😀

मिसळ_आणि_मार्जिन: सगळं बरोबर पण कोण विकतंय ते आधी बघा हो. पीई (प्रायव्हेट इक्विटी) फंड म्हणजे लोकांचे पैसे घेऊन कंपन्यांत मोठा हिस्सा घेणारा, त्याला ठरलेल्या मुदतीत पैसे परत करायचे असतात, तो विकणारच, त्यात कंपनीबद्दल मत वगैरे काही नसतं. प्रमोटर, म्हणजे कंपनी चालवणारा मूळ मालक, विकतोय आणि उरलेले शेअर गहाण पण आहेत असं असेल तर मात्र मी असतो तर झोपलो नसतो. तेही सरसकट नाही, इंडिगोचे एक संस्थापक राकेश गंगवाल यांनी फेब्रुवारी २०२२ मधे बोर्ड सोडताना सांगूनच टाकलं की पाच वर्षांत हळूहळू हिस्सा कमी करणार, मग विकत राहिले, कधी एकदोन दिवस कुरकुर, आणि शेअर २००० च्या आसपासचा २०२५ मधे ५००० च्या वर गेला. संध्याकाळी एनएसईच्या साइटवर ब्लॉक डील्सची यादी येते, विकणारा घेणारा दोन्ही नावं असतात. ती वाचा आणि मग घाबरा.

कट्ट्यावरचा_पंत: वाचली. बातमीत मोठा मालक म्हणाले म्हणून मी प्रमोटर समजून बसलो होतो, निघाला आयपीओच्या आधीपासूनचा पीई फंड. घेणारे दोन म्युच्युअल फंड. विकत नाही आता. फक्त शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती हिस्सा याची यादी) बघितला तर या बाबाकडे अजून ३ टक्के शिल्लक आहेत.

दादरचा_दलाल: म्हणजे अशी अजून एक सकाळ यायचीय. त्या दिवशी पावणेनऊला चहा घ्या, अ‍ॅप नका उघडू.